कुर्लीची बाजू

वेंगुर्ल्यातलं स्वयंपाकघर. मावशी जिवंत कुर्ल्यांच्या नांग्या पिळून काढतेय. भाचा प्राणिशास्त्र शिकतो.

– मावशी, आधी मारून मग मोड ना.

– आधी मोडल्या नाहीत तर माझी बोटं जातील. आणि तिला काय कळतंय? पाय तर ती स्वतःच टाकून पळते.

– ती टाकते तेव्हा पाय ठरलेल्या जागी सुटतो, जखम लगेच मिटते. पिळल्यावर मांस फाटतं. बेलफास्टच्या रॉबर्ट एलवूड आणि सहकाऱ्यांनी हे तपासलंय. पिळून नांगी काढलेल्या खेकड्यांच्या शरीरात ताण जास्त आढळला.

– ताण म्हणजे दुखणं कसं? तव्याला बोट लागलं की हात आधी मागे येतो, चटका नंतर जाणवतो. कुर्लीत पहिलंच असेल, दुसरं नसेलच.

(प्राण्यांना यंत्र मानणारे, तत्त्वज्ञ देकार्तचे शिष्य याहून वेगळं काय म्हणत होते? मावशीने ते तव्यापाशी मिळवलं, एवढंच.)

– म्हणूनच एलवूडने 2009 मध्ये शंखात राहणारे खेकडे घेतले नि त्यांना विजेचे हलके झटके दिले. नावडत्या शंखातले लवकर बाहेर आले. आवडीचा शंख सहज सुटेना. नुसता झटक्याने पाय आखडला असता तर घर कसलं आहे याने काय फरक पडला असता?

– म्हणजे हिशेब येतो तिला. हिशेब मोबाइललाही येतो. दुखतं कशावरून?

– ते तुझंही मला कळत नाही. तू सांगतेस म्हणून मानतो.

– मी सांगते तरी!

– तान्हं बाळ कुठे सांगतं? 1980च्या दशकापर्यंत कितीतरी नवजात बाळांवर पुरेशा वेदनाशामकाशिवाय शस्त्रक्रिया होत. त्यांना आपल्यासारखं दुखत नाही, असं शिकलेले डॉक्टर म्हणायचे. 1987 मध्ये डॉ. कंवलजीत आनंद आणि सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं, की फेंटानिल हे वेदनाशामक दिलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेचा ताण बराच कमी होतो.

मावशीचा हात थांबला.

– बाळाशेजारी कुर्ली बसवू नकोस हं.

– नाही बसवत. पण खात्रीने बोलणारे तेव्हाही होते.

– बरं. मग जवळा? मूठभर जवळ्यात किती जीव असतात, बघ जरा. एकेकाला मारत बसू?

– ब्रिटनच्या 2022च्या कायद्याने खेकडे, कोळंबी, माकूल यांना जाणीव असल्याचं मानलंय. त्या गटात जवळाही येतो. आपल्या 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात तर माणूस सोडून प्रत्येक जीव ‘प्राणी’ आहे. खाण्यासाठी मारायला मुभा, पण विनाकारण हाल नकोत.

– विनाकारण कुठलं नि कारणापुरतं कुठलं, ते कोण सांगणार? कोर्ट?

– जवळ्यापुढे मी हरलो. कुर्लीचं मात्र जमेल. तिची मुख्य मज्जाकेंद्रं दोन. दोन्ही ठिकाणी टोकदार सळई नीट घातली तर काही सेकंदांत संपते.

– आणि नांग्या शाबूत असताना तिला धरणार कोण?

– दोरीने बांधू.

– बांध. सळई त्या फळीवर आहे. जागा माहीत आहे ना?

– चित्रात पाहिलीय.

– चित्रात! आणि पहिल्या तीन-चार कुर्ल्यांवर तुझा हात चुकला, तर ते हाल कुठल्या खात्यात मांडायचे?