संगति आणि स्वभाव

गुणदोष वस्तूच्या स्वभावांत असतात कीं तिच्या संगतींत, हा वाद जुना आहे. इस्लापूरच्या एका मुलाविषयीं विचार करतांना तो आम्हांस पुन्हां आठवला, आणि त्यावर थोडा प्रकाश पडला तो अनपेक्षितपणें रक्तशास्त्राकडून.

जखम झाली कीं रक्तांतील थ्रोंबिन हें प्रथिन विरघळलेल्या फायब्रिनोजेनपासून फायब्रिनचे तंतु बनवितें व रक्ताची गुठळी होते. भोंकास बूच बसलें, काम संपलें, अशी आमची समजूत होती. वस्तुतः पुढेंच खरें काम आहे. शेजारच्या केशवाहिन्यांच्या अस्तरांतील पेशी त्या तंतूंच्या जाळ्यांत शिरतात, त्यांस धरून पुढें सरकतात, संख्येनें वाढतात आणि एकमेकींस बिलगून पोकळ नळ्या रचतात. थ्रोंबिनही या पेशींस वाढीचा इशारा देतें. मग प्लास्मिन हळूहळू तें जाळें विरघळवून टाकतें.

मात्र १९८६ सालीं अमेरिकेंतील हॅरॉल्ड ड्वोरॅक यांनीं दाखवून दिलें कीं, कर्करोगाची गांठही न भरणाऱ्या जखमेसारखीच वागते. तिच्यापाशीं वाहिन्या पाझरतात, बाहेर फायब्रिन सांचतें, आणि त्याच जाळ्याच्या आधारानें गांठीस पोसणाऱ्या नव्या वाहिन्या वाढतात. फायब्रिन तेंच, त्याचें बांधणेंही तेंच! उलट निरोगी वाहिनीच्या अस्तरावर थ्रोंबोमॉड्युलिनची भेट झाली, कीं गुठळी करणारें थ्रोंबिन 'प्रोटीन सी' या प्रथिनास जागें करून गुठळीसच आवर घालतें. सत्संगाचें हें उदाहरण आमच्या कीर्तनकारांच्या हातीं लागावयास हवें होतें.

परंतु येथें एक मेख आहे. सारें संगतीवर लोटलें, तर जबाबदारी कोणाची? थ्रोंबिनास निवड नाहीं, मनुष्यास आहे, असें नीतिशास्त्राच्या वर्गांत आम्ही वर्षानुवर्षें सांगत आलों. तें खोटें नव्हे. तथापि निरोगी अस्तर भेटल्यावांचून थ्रोंबिनाचा तो दुसरा गुण प्रकटच होत नाहीं. आणि अस्तर होण्याचें काम कोणाचें, हें आम्ही वर्गांत कधीं विचारलें नाहीं.

सहस्रकुंडाच्या धबधब्याजवळच्या त्या गांवाहून शिकावयास आलेला तो मुलगा सोबत्यांस धरून राहणारा होता. एक सोबती तापानें फणफणला, तेव्हां तीन रात्री हा त्याच्या उशाशीं बसला. दुसऱ्यानें चोरी केली, तेव्हां यानें त्याचें नांव सांगितलें नाहीं. वसतिगृहाच्या समितीनें 'स्वभावतःच उद्दाम' असा शेरा मारून यास काढून टाकलें. पुढें ती निष्ठा कोणाच्या संगतींत खर्ची पडली, याची आम्ही चौकशी केली नाहीं. त्या शेऱ्याखालीं पहिली सही आमची आहे.