गोळी कधी बंद होणार?

व्यसनमुक्ती केंद्रातून घरी निघालेल्या माणसाच्या पिशवीत कपड्यांबरोबर गोळ्यांची पाकिटंही असतात. एक झोपेची, एक बेचैनी कमी व्हावी म्हणून, एखादी नैराश्यावरची, शिवाय जीवनसत्त्वं. बायको किंवा आई विचारते, ‘किती दिवस द्यायच्या?’ उत्तर मिळतं, ‘पुढच्या वेळी दाखवायला या, तेव्हा बघू.’ ती पुढची वेळ पुष्कळदा येतच नाही. गाव लांब असतं, रोज बुडतो, आणि दारू सुटलेली असल्यामुळे जाण्याची निकडही वाटत नाही. चिठ्ठी मात्र घरात राहते आणि मेडिकलवाला ओळखीचा असतो. वर्षभरानं बघावं तर रात्रीच्या एका गोळीच्या चार झालेल्या असतात. तोंडाला वास येत नाही, शिवीगाळ नाही, पगार घरी येतो, म्हणून कोणाला काही वावगं वाटत नाही.

या गोळ्या द्यायलाच नकोत, असं मला अजिबात म्हणायचं नाही. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकाएकी थांबली की पहिल्या दोन दिवसांत त्याला फिट येऊ शकते. त्यानंतर काहींना भास होतात, अंग थरथरतं, ताप चढतो, आपण कुठे आहोत याचं भान राहत नाही. यालाच डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर त्यात माणूस दगावतो. क्लोरडायझेपॉक्साइड, म्हणजे 1960 साली लिब्रियम या नावानं बाजारात आलेलं औषध, आणि 1963 मध्ये आलेलं व्हॅलियम यांनी असे असंख्य जीव वाचवले. मेंदूला शांत करणाऱ्या ज्या ‘गाबा’ यंत्रणेवर दारू काम करते, तिच्यावरच ही औषधंही काम करतात. दारूची उणीव ती तात्पुरती भरून काढतात, मग मात्रा कमी करत साधारण आठवड्या-दहा दिवसांत बंद करायची असतात. सगळी अडचण या ‘बंद करायची’मध्ये आहे. ज्या शरीराला दारूची सवय लागली, त्याला ही गोळी परकी वाटत नाही.

एका व्यसनावरचं औषध दुसरं व्यसन होण्याची गोष्ट जुनी आहे. 1884 मध्ये फ्रॉइडनं कोकेनची भलामण करणारा लेख लिहिला आणि मॉर्फिनच्या आहारी गेलेल्या आपल्या मित्राला, फ्लाइश्ल-मार्क्सोव्हला, तेच दिलं. मित्राला दोन्ही लागली. 1898 पासून बायर कंपनी हेरॉइन हे खोकल्याचं औषध म्हणून विकत होती, मॉर्फिनसारखी सवय लावत नाही असं सांगून.

आपल्याकडे ‘बटन’ आणि ‘कुत्ता गोळी’ हे शब्द मालेगाव, छत्रपती संभाजीनगर, मुंबई इथल्या पोलिसांच्या बातम्यांतून सर्वांना माहीत झाले. त्या गोळ्या म्हणजे बहुतेकदा नायट्राझेपाम किंवा अल्प्राझोलाम. दवाखान्यात झोपेसाठी, घबराटीसाठी लिहिल्या जातात त्याच. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एम्स’च्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे 1 कोटी 18 लाख माणसं वैद्यकीय कारणाशिवाय गुंगीची औषधं घेतात. 2014 पासून शेड्यूल एच-वन लागू आहे. ही औषधं विकताना डॉक्टर, रुग्ण, औषध आणि नग यांची नोंद वेगळ्या रजिस्टरमध्ये करायची आणि ते तीन वर्षं जपायचं, असा नियम आहे. पण रजिस्टरला जुनी चिठ्ठी ओळखता येत नाही, आणि तीच चिठ्ठी तीन दुकानांत फिरली तर तीन रजिस्टरं एकमेकांशी बोलत नाहीत.

केंद्रांत घडणारे प्रकार याहून बारीक असतात. गर्दची टर्की, म्हणजे ब्राऊन शुगर तुटल्यावरचा त्रास, सोसवत नाही म्हणून कोणी शेजारच्या खाटेवरच्याची झोपेची गोळी मागून घेतो. मनोविकारावरच्या औषधानं स्नायू आखडतात, त्यावर दिली जाणारी ट्रायहेक्सिफेनिडिल काहींना तरतरी देते, म्हणून ती साठवली जाते. नसांच्या दुखण्यावरची प्रिगॅबलिनही त्याच वाटेनं जाते. ब्रिटनला 2019 मध्ये ती नियंत्रित औषधांच्या यादीत टाकावी लागली.

अशी गोळी सापडली की पुष्कळ ठिकाणी एकच उपाय होतो: सामान बांधा आणि निघा. शिस्तीची गरज मला समजते. एका खोलीत वीस जण बरे होऊ पाहत असताना गोळ्यांचा व्यापार चालू देता येत नाही. पण त्या माणसाला गेटबाहेर काढताना त्याची गोळीही त्याच दिवशी तुटते, आणि बराच काळ मोठ्या मात्रेत घेतलेली झोपेची गोळी एकदम तोडली तर दारूसारखीच फिट येऊ शकते. म्हणजे ज्या धोक्यासाठी त्याला दाखल केलं, त्याच धोक्यात आपण त्याला परत सोडतो. शिवाय, त्यानं ती का घेतली, हे कोणी विचारलेलंच नसतं. दारू सुटल्यावर कित्येक महिने झोप लागत नाही, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. छातीतली धडधड दारूच्या आधीपासूनची होती आणि दारू हाच त्यावरचा त्याचा इलाज होता, हेही फाइलमध्ये नसतं. चोरून घेतलेली गोळी हे आजाराचं लक्षण आहे. रक्तातली साखर वाढली म्हणून मधुमेहाच्या रुग्णाला कोणी दवाखान्यातून हाकलत नाही.

याच्या उलट टोकाला ‘सगळ्याच गोळ्या नशा’ म्हणणारे आहेत, आणि त्यांचीही मला तेवढीच भीती वाटते. नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांनी किक बसत नाही. दारूपासून लांब राहता यावं म्हणून दिल्या जाणाऱ्या नाल्ट्रेक्सोननं, डायसल्फिरामनं नशा चढत नाही. उन्मादावरचं लिथियम एकाएकी बंद केलं तर उन्माद उसळू शकतो, आत्महत्येचा धोका वाढतो. गर्द सोडणाऱ्याला ब्युप्रेनॉर्फिन वर्षानुवर्षं लागू शकतं आणि ते त्याला मरणापासून वाचवतं. अर्थात ही गोळीही कोणी विरघळवून टोचू नये म्हणून तिच्यात नॅलोक्सोन मिसळतात. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या पुस्तिकेतही हीच दुहेरी सावधगिरी आहे: औषधाचा गैरवापर टाळा, आणि कोणीही दुसऱ्या सभासदाचा डॉक्टर होऊ नका. तरीही मीटिंगमधून घरी येऊन सगळी पाकिटं कचऱ्यात टाकणारे असतात, आणि त्यांचं कौतुक करणारेही.

म्हणून मला वाटतं, झोपेची किंवा घबराटीची गोळी पहिल्यांदा लिहिली जाते त्याच दिवशी ती कधी बंद होणार याची तारीख चिठ्ठीवर यावी. तारीख पुढे ढकलावी लागली तर कारण लिहून ढकलावी. आठवड्यापुरतीच औषधं द्यावीत, घरातल्या एकाच्या हाती द्यावीत, आणि कोणत्या गोळीची सवय लागते व कोणत्या गोळीची लागत नाही, हे त्या माणसाला मराठीत, नावानिशी सांगावं.

पण ‘घरातला एक’ म्हणजे बहुतेक घरांत बायको. पंधरा वर्षं नवऱ्याच्या पावलांचा कानोसा घेत जागलेली. तिला कधीतरी गल्लीतल्या डॉक्टरांनी ‘टेन्शनसाठी’ अल्प्राझोलाम लिहून दिलेली असते. ती अजून सुरूच असते, कारण तिची तारीखही कोणी लिहिलेली नसते. नवऱ्याच्या गोळ्यांवर पहारा ठेवायला आपण जिला बसवतो, तिचीच गोळी त्याच कपाटात, त्याच डब्यात असते. त्याला ती सापडते, किंवा बायको कळवळून स्वतःच त्याला अर्धी तोडून देते. नवऱ्याला घरी सोडण्याआधीच्या बैठकीत समुपदेशकानं तिलाही विचारायला हवं: ताई, तुम्ही कोणती गोळी घेता, कधीपासून, कोणी दिली? आणि ती हळूहळू सोडवायची सोय त्याच केंद्रात, त्याच फेरीत, तिच्या नावाच्या वेगळ्या केसपेपरवर व्हायला हवी.