आजचं चिंतन : सही कुणाच्या नावाने?



परवा ग्रुपवर एकाने विचारलं, "प्रोफाइलवर टाकायला एखादं ब्रीदवाक्य सुचव ना. देवाचं पण असावं आणि नम्र वाटावं." त्या 'वाटावं' शब्दापाशी मी अडकलो. माझ्याच प्रोफाइलवर दोन वर्षं 'सेल्फ मेड' लिहिलेलं होतं. क्लासची फी बाबांनी पतसंस्थेचं कर्ज काढून भरलेली, तरीसुद्धा!

आपण संभाजीनगरकर याबाबतीत भाग्यवान. शिकायला लांब जायला नको. दौलताबादचा किल्ला, म्हणजे देवगिरी, इथून १५ किलोमीटरवर, आणि पैठण ५०च्या आसपास. पैठणचे एकनाथ महाराज लहान वयात देवगिरीचे किल्लेदार जनार्दनस्वामी यांच्याकडे आले आणि हिशोब लिहू लागले. एका पैचा मेळ लागेना म्हणून ते रात्रभर बसले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळ्या वाजवल्या, अशी कथा सांगतात. स्वामी म्हणाले, एका पैच्या चुकीला एवढा आनंद, मग संसाराची चूक सापडली तर केवढा होईल!

पुढे याच नाथांनी १५८४ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली. स्वतः एवढे मोठे कवी, पण दुसऱ्याच्या ग्रंथात आपली ओवी घुसवली नाही, इतरांनीही घुसवू नये असं बजावलं.

आणि त्यांची सही बघा. 'एका जनार्दनी'. स्वतःचं नाव पुसलेलं नाही, फक्त छोटं करून गुरूच्या नावाला टेकवलंय. जनार्दन हे गुरूंचं नाव आणि विष्णूचंही. म्हणजे एकाच शब्दात दोघं. शिवाय ही मुद्रा अभंगाच्या शेवटी येते, सगळं लिहून झाल्यावर. आपलं ब्रीद मात्र काम सुरू व्हायच्या आधीच वर झळकतं. (मी पण त्यातलाच.)

गीतेच्या अकराव्या अध्यायातला ३३वा श्लोक याच्या जोडीला वाचा. भगवंत अर्जुनाला निमित्त हो म्हणतात, पण त्याच श्लोकात ऊठ, यश मिळव असंही सांगतात. यश नाकारायचं नाहीये. ते आलं कुठून, हे विसरायचं नाहीये. नम्रता म्हणजे 'मी काहीच नाही' असं पुटपुटणं, हे मला तरी पटत नाही. त्यातही मी असतोच.

आता खरं सांगतो. सोमवारी ऑफिसात एका ताळेबंदातली चूक सापडल्याबद्दल सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं. ती चूक माझ्या हाताखालच्या मुलाने शोधली होती. मी हसून 'थँक यू' म्हणालो. तो समोरच बसला होता. तीन दिवस मी रोज संध्याकाळी हरिपाठ म्हटला आणि तीनही दिवस त्याच्याशी नजर मिळवली नाही.

काल साहेबांना मेल टाकला, त्याच्या नावासकट, आणि त्यालाही कॉपी ठेवली. त्याचं उत्तर आलं, "ओके दादा." एवढंच. आज जेवायला तो माझ्या टेबलवर आला नाही. उद्या मीच त्याच्याकडे जाणार आहे.

प्रोफाइल सध्या कोरी आहे.

राम कृष्ण हरी.