आठ फोडी

सफरचंद कापण्याची एक पोलादी चकती हल्ली घरोघर दिसू लागली आहे. मधोमध एक वाटोळे कडे, त्या कड्यापासून बाहेर गेलेली आठ पाती आणि दोन बाजूंना धरायला दोन मुठी. सफरचंद उभे ठेवावे, कडे नेमके देठावर टेकवावे आणि दोन्ही हातांनी दाबावे. एका दमात आठ फोडी भोवती उमलतात आणि बियांचा गाभा कड्यात उभा राहतो. आमच्या भिवंडीच्या गोदामांतून संसाराच्या असल्या शेकडो वस्तू बाहेरगावी जात असतात; त्यातली एक आमच्याही घरी आली यात नवल नाही. दिवाळीच्या सुमारास बाजारात हिमाचल-काश्मीरची सफरचंदे भरपूर असतात, आणि चकली-करंज्यांनी तोंड जड झालेल्या पाहुण्यांपुढे फोडींची बशी ठेवायला बरी पडते.

आता एवढ्याशा चकतीवरून नीतीचा प्रश्न काढायचा ही मास्तरीणबाईंची खोड, असे तुम्ही म्हणाल. खुशाल म्हणा. पण ज्या घरात फळ एक आणि खाणारी तोंडे सहा, तिथे फळ कापणे हे स्वयंपाकातले काम राहत नाही. ते न्यायदान होते.

हे न्यायदान आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या विळीवर चालत आले. सुरीने कापताना हत्यार फिरते, विळीवर फळ फिरते. बाई पाटावर पाय दाबून बसते, दोन्ही हातांत फळ धरते आणि पात्यावर लोटते. फळाचे वजन, त्याचा कच्चेपणा, आतला डाग, सगळे तिच्या बोटांना कळते. आणि समोर कोण बसले आहे हेही तिला ठाऊक असते. माझी आई तापातून उठलेल्याला बिनसालीची मऊ फोड देई, दात हलणाऱ्या आजोबांना पातळ काप देई आणि धाकट्याच्या हातावर सर्वांत लाल तुकडा ठेवी. सालीला चिकटलेला गर आणि बियांभोवतीचा भाग तिचा. आपल्याकडे ‘आपला हात जगन्नाथ’ अशी म्हण आहे. ज्याच्या हाती वाढणे, त्याचे ताट भरलेले, असा तिचा अर्थ. घरातल्या बाईने ही म्हण रोज खोटी पाडली. तिच्या हाती वाढणे होते आणि तिचेच ताट रिकामे होते.

यावर आपण पुष्कळ गहिवरलो आहोत. मीही माझ्या कादंबऱ्यांतून गहिवरले आहे. पण गहिवर ओसरल्यावर एक प्रश्न उरतो: विळीवरचा तो डोळा सगळ्यांकडे सारखाच पाहत होता का?

एकदा मी वर्गात मुलींना सहज विचारले, घरात एक फळ आले तर मोठी फोड कोणाला मिळते? एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “दादाला, बाई. त्याला खेळायचं असतं ना.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. पावसाळ्यात पाऊस पडतो, हे जितक्या सहज सांगावे तितक्या सहज तिने ते सांगितले. तिलाही खेळायचे असते, हे तिच्या मनात आले नव्हते.

चकतीला दादा ओळखता येत नाही, हा तिचा मोठाच गुण. वास्तविक असली यंत्रे करणाऱ्यांच्या मनात न्याय नव्हता, श्रम वाचवणे होते. अमेरिकेत मोझेस कोट्स याने १८०३ साली सफरचंद सोलण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. हिवाळ्यासाठी सफरचंदे सोलून, चिरून वाळवायची, म्हणजे टोपल्यांचा हिशेब. वाटणीचा प्रश्नच नव्हता. वाटणीचा विचार करणारी माणसे वेगळी. दोन पोरांत पेरू वाटायचा तर एकाने कापायचा आणि दुसऱ्याने आधी उचलायचा, हा कायदा मधल्या सुट्टीत कोणी शिकवावा लागत नाही. वाटेकरी तीन झाले की तो कायदा लंगडा पडतो. ह्यूगो स्टाइनहाउस या पोलिश गणितज्ञाने हा प्रश्न गंभीरपणे घेतला, आणि त्याचे मित्र बानाख व क्नास्टर यांनी काढलेली रीत त्याने १९४८ साली मांडली. एकाने आपल्या मते रास्त असा तुकडा कापावा आणि पुढे सरकवावा. ज्याला तो जास्त वाटेल त्याने थोडा छाटावा. शेवटी ज्याने छाटला त्याचा तो तुकडा. मी मॅट्रिकपर्यंतच शिकलेली, पण एवढे गणित मला समजते आणि आवडतेही. त्यात प्रत्येकाला बोलायला जागा आहे.

मात्र आजाऱ्याचे काय? आठ सारख्या फोडींत तापाने सुकलेल्या पोरालाही इतरांएवढीच फोड. हा आक्षेप खरा आहे, आणि विळीची बाजू घेणारे तो नेहमी पुढे करतात. माझे उत्तर एवढेच की आईने आजाऱ्याला मोठी फोड दिली, ती कोणाच्या वाट्यातली, हे विळीवर दिसत नाही. कोणाचा तरी वाटा कापतानाच लहान झालेला असतो, आणि त्याला ते कळतही नाही. आधी सारखी फोड हातात पडू द्या. मग ज्याला द्यायची त्याने ती आजाऱ्याला द्यावी. ते देणे होईल. जिच्या हातात फोड कधी आलीच नाही, त्या मुलीच्या त्यागाचे कौतुक करणे मला जमत नाही. तिच्याजवळ सोडायला होते काय?

चकतीने सगळे सुटते असे मात्र नाही. आमच्या घरी माणसे पाच, फोडी आठ. पाच जातात, तीन बशीत राहतात आणि तू घे, तुम्ही घ्या चालते. तेवढ्यात हवा लागून त्या तांबूस पडू लागतात. मिठाच्या पाण्यात टाकल्या तर जरा वेळ पांढऱ्या राहतात, पण खारट लागतात म्हणून मुले नाके मुरडतात. परवा माझ्या धाकटीने आपली फोड अर्धी खाल्ली आणि उरलेली आजीपुढे धरली. सासूबाई म्हणाल्या, “तुझी तू खा गं. बशीत आहेत की तीन.”

“त्या कोणाच्याच नाहीत,” ती म्हणाली. “ही माझी आहे.”

सासूबाईंनी ती घेतली, दात शाबूत असलेल्या बाजूने बराच वेळ चावली, आणि उरलेली साल माझ्या हातावर ठेवली.