वात्सल्य की मोह?

अंबत्तूर येथे मी सकाळी भाषांतरास बसतो. आश्विन-कार्तिकाच्या पावसात खिडकीखालच्या डबक्याकडे धावणाऱ्या बालकास कोणीतरी मागे ओढते. हे वात्सल्य की मोह, असा प्रश्न मनात उभा राहतो.

महाराष्ट्रात दोन स्त्रियांच्या कार्यात या प्रश्नावर प्रकाश सापडतो. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य आरंभिले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथील आदिवासी मुले गुरे राखीत. रान ही त्यांची हौस नव्हे, उपजीविका होती. ती शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली. तीच कुरणशाळा. पाने, बिया, खडे हीच शिक्षणाची साधने झाली. पोटासाठी हिंडण्याचे रानच विद्येचे स्थान ठरले.

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनास शीत-उष्ण सहन करावयास सांगतात. ज्यास त्यांचा स्पर्शच होऊ दिला नाही, तो तितिक्षा कोठून शिकणार? सर्प, खोल पाणी यांविषयी सावध राहणे हे तर पालकाचे कर्तव्यच. परंतु अपायापासून रक्षण करणे वेगळे आणि अनुभवापासून वंचित ठेवणे वेगळे. पहिल्यात मुलाचे हित असते. दुसऱ्यात बहुधा आपल्याच भयाचे समाधान.

म्हणून बालकाचा हात ओढण्यापूर्वी गृहस्थाने स्वतःस विचारावे, मी रक्षण कोणाचे करीत आहे? आणि उत्तर मिळताच, तोच हात धरून त्याच्यासह अंगणात उतरावे.