नाट्यगृहाबाहेरची ब्रॉडवे

अमेरिकी संगीतिकेचा इतिहास सांगताना सुरुवातीच्या काळातले टेलिव्हिजन आणि परदेशी तळांवरचे सैनिकांसाठीचे प्रयोग यांची बोळवण बहुधा एखाद्या परिच्छेदात होते. ब्रॉडवेवरच्या नाट्यगृहात झाले ते खरे नाटक, बाकीची प्रसिद्धी किंवा देशसेवा, असा समज त्यामागे असतो. मला तो मान्य नाही. नाट्यगृहाचा आधार सुटल्यावर संगीतिकेत काय शिल्लक राहते, हे या दोन ठिकाणीच स्पष्ट दिसले. राहतो तो डोळ्यांदेखत गाणारा नट, चूक तिथल्या तिथे सावरण्याची त्याची तयारी आणि त्याच घटकेला त्याच्याबरोबर असलेला प्रेक्षक.

१५ जून १९५३ रोजी फोर्ड कंपनीच्या सुवर्णमहोत्सवी टेलिव्हिजन कार्यक्रमात एथेल मर्मन आणि मेरी मार्टिन दोन उंच स्टुलांवर बसून एकामागून एक गाणी गायल्या. नेपथ्य जवळजवळ नव्हतेच, तरी ब्रॉडवेच्या या दोन तारकांनी पडदा भरून टाकला. 'पीटर पॅन'चा ब्रॉडवेच्या विंटर गार्डन नाट्यगृहातला मुक्काम फेब्रुवारी १९५५ च्या अखेरीस संपला आणि ७ मार्चला मेरी मार्टिन तेच नाटक एनबीसीवर थेट सादर करत होती. व्हिडिओ टेप अजून बाजारात आलेली नव्हती, त्यामुळे रीटेकचा प्रश्नच नव्हता. तारेवर तरंगत सूर सांभाळायचा, खाली पाय टेकताच भूमिका पुढे न्यायची, ही सवय रोजच्या प्रयोगांनीच अंगात मुरते. १९५७ मध्ये रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांनी खास टेलिव्हिजनसाठी 'सिंड्रेला' लिहिली. सिंड्रेला झालेली ज्युली अँड्र्यूज तेव्हा ब्रॉडवेवर 'माय फेअर लेडी' करत होती. ३१ मार्चच्या त्या एका रात्री दहा कोटींहून अधिक लोकांनी तिला पाहिले. दीड हजार खुर्च्यांच्या नाट्यगृहात आठवड्याला आठ प्रयोग धरले, तर एवढ्या प्रेक्षकांसाठी दीडशे वर्षेही अपुरी पडतील.

यावर रास्त आक्षेप असा, की घरात बसलेल्या प्रेक्षकाचे हसू नटाला ऐकू येत नाही. देवाणघेवाणीतला अर्धा भाग गळतो. तो गळतोच. पण तेवढ्यावरून नाट्यगृहाची वास्तू अपरिहार्य ठरत नाही, कारण सैनिकांसमोरच्या प्रयोगांत वास्तू नसतानाही ही देवाणघेवाण पुरेपूर होती. अर्व्हिंग बर्लिनची 'धिस इज द आर्मी' ४ जुलै १९४२ रोजी ब्रॉडवेवर आली आणि पुढे १९४५ पर्यंत आघाडीमागच्या तळांवर फिरली. तिच्यातले नट स्वतःच सैनिक होते. ऑक्टोबर १९६५ मध्ये मेरी मार्टिनने व्हिएतनाममधल्या बिएन होआच्या हवाई तळावर 'हॅलो, डॉली!' केली.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. डॉलीच्या त्या दौऱ्यामागे अमेरिकी परराष्ट्र खाते होते. मग हा युद्धाचा प्रचारच नव्हे का? सरकारचा हेतू तसा होता, हे नाकारण्यात अर्थ नाही, आणि गाण्यांनी त्या युद्धाचे समर्थनही होत नाही. मात्र प्रयोग कोणी पाठवला आणि प्रयोगात काय घडले, हे प्रश्न वेगवेगळे आहेत. समोर बसलेल्या विशीतल्या मुलांना धोरण ऐकायचे नव्हते. डॉली ही पुन्हा माणसांत परतू पाहणाऱ्या विधवेची गोष्ट आहे, आणि घरापासून दूर असलेल्यांना ती कळायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती.

टेप आली आणि टेलिव्हिजनची ही जोखीम सरली. रंगीत प्रक्षेपित झालेली पहिली 'सिंड्रेला' आज फक्त कृष्णधवल फिल्मवर उरली आहे. तरीही त्या रात्रीला प्रयोगच म्हटले पाहिजे. आज पडद्यावर दिसणाऱ्या कुठल्याही नाटकाला हीच कसोटी लावावी: नट चुकू शकतो का, आणि त्याने ते सावरले तर ते आपल्यासमक्ष, त्याच क्षणी घडते का? उत्तर होकारार्थी असेल, तर ती रंगभूमीच आहे.