वाटेवरचा शास्त्रपाठ

मूल झोपलं असेल तर त्याच्याजवळ बसा. मोठा दिवा मालवा, लहान राहू द्या. हे मनन आज रात्रीच संपवायला हवं असं नाही. एखाद्या वाक्याशी अडलात तर तिथंच थांबा, उरलेलं उद्या वाचा.

एकच प्रश्न मनात घ्या. माझ्या मुलाला प्रीती कोण शिकवतं? रविवारच्या शाळेतल्या बाई, पाळक, आजी, की मी? उत्तर देण्याची घाई नको. आज सकाळपासून ते मूल तुमच्याबरोबर कुठं कुठं होतं आणि तिथं तुम्ही कुणाशी कसे बोललात, तेवढं आठवा.

बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवावर सर्वस्वानं प्रीती करण्याची आज्ञा आहे, आणि लगेच पुढं ती मुलांना कुठं शिकवायची तेही सांगितलं आहे: घरात बसलेलं असताना, रस्त्यानं चालताना, निजताना आणि उठताना. तिथं शाळेचं नाव नाही, मंदिराचंही नाही. एका अर्थी हे सोपं झालं, कारण त्यासाठी वेगळा वेळ काढायला नको. दुसऱ्या अर्थी सुटकाच उरली नाही, कारण आपण शिकवत नसतो तेव्हाही मूल शिकतच असतं.

आधी घरात बसू.

पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राचा तेरावा अध्याय आपल्याकडं लग्नात वाचतात, चौकटीत बसवून भिंतीवर लावतात. तो मुळात लिहिला गेला भांडणाऱ्या मंडळीसाठी. करिंथ हे दोन बंदरांमधलं शहर होतं. व्यापारी, हमाल, गुलाम, सुटका झालेले गुलाम असे नाना ठिकाणचे लोक तिथं एकत्र आले होते. इसवी सनाच्या 55 सालाच्या आसपास पौलानं इफिसहून हे पत्र पाठवलं, तेव्हा मंडळीत तट पडले होते आणि भाऊ भावाला कोर्टात खेचत होता. प्रभुभोजनाला जमल्यावरही ज्यांच्याकडं होतं ते आधीच खाऊन मोकळे होत आणि गरीब उपाशी बसत. त्याबद्दल पौल अकराव्या अध्यायात चांगलाच रागावला आहे. तो राग वाचून मगच तेरावा अध्याय वाचावा. मग प्रीतीच्या वर्णनात सहनशीलता सगळ्यांत आधी का येते, ते कळतं.

आंबिवलीजवळच्या आपल्या मोहने गावाला हे समजायला जड जाऊ नये. इथल्या रेयॉन कंपनीमुळं देशाच्या नाना भागांतली माणसं एका वसाहतीत शेजारी झाली. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना दोन भाषा होत्या, पाण्याला मात्र रांग एकच. नोव्हेंबर 2009 मध्ये ही कंपनी, एनआरसी, बंद पडली आणि कामगारांच्या देण्यांचा प्रश्न पुढं वर्षानुवर्षं लोंबकळत राहिला. ज्या घरात पैशांवरून आवाज चढलेले असतात त्या घरात मुलाला प्रीतीचं वचन पाठ करून घेणं फार अवघड नसतं. त्याला ते खरं वाटणं अवघड असतं.

आता आजचं रात्रीचं जेवण डोळ्यांसमोर आणा. शेवटचा तुकडा कुणाच्या ताटात गेला? सगळ्यांत शेवटी कोण जेवलं? बहुतेक घरांत उत्तर एकच येईल: आई. आणि आपण त्यालाच आईची माया म्हणत आलो. मला ते पटत नाही. सोसणं रोज एकट्या आईच्याच वाट्याला येत असेल, तर मुलगा त्यातून प्रीती शिकत नाही. सोसणं हे बायकांचं काम आहे, एवढंच शिकतो. एखाद्या रात्री त्याला वाढायला सांगा. सगळ्यांना वाढून झाल्यावर तो जेवेल. थोडी कुरकूर करेल. करू द्या.

आणखी एका ठिकाणी थांबायला हवं. मूल हट्ट करतं, बहिणीला चिमटा काढतं, आणि आपण पटकन म्हणतो, ‘येशूला असं आवडत नाही हं.’ किती वेळा म्हटलं असेल? त्या वाक्यानं चिमटा थांबतो, पण देव मात्र पोलीस होतो. तसंच दरडावून म्हणायला लावलेलं ‘सॉरी’. ते बहिणीला नसतं, आपल्याला असतं.

इथं मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांचं घर आठवतं. 10 फेब्रुवारी 1895 ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षांनी पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याकडं परत आल्या त्या आपलं सोवळं सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळक स्वभावानं तापट होते. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला ते सांगायला नको. पण या एका बाबतीत त्यांनी बायकोवर बळजबरी केली नाही. जातिभेद माणसानं केलेला आहे हे लक्ष्मीबाईंना त्यांच्याच मनाशी उमगलं, आणि मग कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं त्यांनी आपण होऊन ठरवलं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा मुलगा दत्तू याच घरात वाढत होता. एका संतापी माणसाला वाट पाहता येते, हे तो घरातच पाहू शकत होता.

तुमच्या मुलाच्या बाबतीत तुम्ही कशाची वाट पाहायला तयार आहात? थोडं बसा या प्रश्नाशी.

आता रस्ता.

आंबिवली स्टेशनात उतरून मोहन्याकडं निघालात, मुलाचा हात तुमच्या हातात आहे. वाटेत कोण कोण भेटतं? भाजीवाली, रिक्षावाला, बंधाऱ्याकडं जाणारी पोरं. कुणाला तुम्ही नावानं हाक मारता आणि कुणाच्या बाजूनं जाताना मुलाचा हात जरा घट्ट धरता? बोट घट्ट झालेलं मुलाला कळतं. तोही धडाच असतो, आणि मूल तो विसरत नाही.

लूकच्या दहाव्या अध्यायातली गोष्ट आपल्या मुलांना पाठ असते. यरुशलेमहून यरीहोला उतरणारा माणूस, लुटारू, न थांबता गेलेला याजक, न थांबता गेलेला लेवी, आणि थांबलेला शोमरोनी. रविवारच्या शाळेत तिचं नाटुकलं होतं, डोक्याला पांढरी पट्टी बांधून एक मुलगा आडवा पडतो, सगळे हसतात. पण आपल्या मुलांना शोमरोनी म्हणजे नुसता ‘चांगला माणूस’ वाटतो, आणि तिथं गोष्टीची धारच जाते. ऐकणाऱ्यांना शोमरोनी नकोसा होता. ‘माझा शेजारी कोण?’ या एका शास्त्र्याच्या प्रश्नावरून येशूनं ती सांगितली, आणि संपल्यावर त्यालाच विचारलं, शेजारी कोण ठरला? शास्त्र्यानं ‘शोमरोनी’ हा शब्द उच्चारलाच नाही. दया करणारा, एवढंच म्हणाला.

मग आंबिवली-मोहन्याच्या मुलाला ही गोष्ट कशी सांगायची? इथं स्टेशनजवळ इराणी वस्ती आहे. वर्तमानपत्रात तिचं नाव बहुतेकदा पोलिसी बातमीतच येतं. पण तिथूनही मुलं दप्तर घेऊन शाळेत जातात, आणि त्यांच्याविषयी घरोघरी एकच वाक्य असतं: तिकडं जाऊ नको. सावध राहायला शिकवणं हे आईबापांचं कामच आहे, त्यात गैर काही नाही. पण एकदा ती गोष्ट सांगताना शोमरोन्याच्या जागी त्या वस्तीतला एखादा रिक्षावाला ठेवून पाहा. लोक बघत उभे आहेत, आपल्या मंडळीतले दोघं घाईत निघून गेले, आणि यानं रिक्षा थांबवून जखमी माणसाला दवाखान्यात नेलं, वर पैसेही भरले. सांगताना तुमचाच आवाज कुठं अडखळतो, तिकडं लक्ष द्या. मी तर म्हणेन, तो अडखळतो तिथंच खरा शास्त्रपाठ सुरू होतो, आणि तो मुलाचा नसतो.

मूल म्हणेल, ‘पण मला तिकडचा तो मुलगा आवडत नाही.’ रागावू नका. प्रामाणिक बोललं ते. थॉमस अक्वायनस हे मध्ययुगातले मोठे धर्मपंडित प्रीतीला इच्छेच्या खात्यात घालतात: दुसऱ्याचं भलं व्हावं असं इच्छिणं. आवडनिवड पोराच्या हातात नसते. तहानलेल्याला बाटली पुढं करणं हातात असतं. इथली उल्हास नदी 2005 च्या आणि 2019 च्या जुलैत फुगली, तेव्हा आधी आवडनिवड ठरवून मग मदत करायला कुणाकडं वेळ होता? पुराच्या दिवसांत हे आपोआप जमतं. एरवी ते शिकावं लागतं.

निजताना फार बोलू नये. सूर्य मावळेपर्यंत राग ठेवू नका, असं पौल इफिसकरांना सांगतो. आज तुम्ही मुलावर उगाच ओरडला असाल तर झोपायच्या आधी त्याची माफी मागा. ‘पण तूही’ हे शब्द जोडू नका. मोठ्यांनी माफी मागितलेली पाहिल्याशिवाय मुलाला ती मागता येत नाही.

राहता राहिली सकाळ. पाच हजारांना जेवू घातल्याचं चारही शुभवर्तमानांत आहे, पण भाकरी एका मुलाच्या होत्या हे फक्त योहान सांगतो. जवाच्या पाच भाकरी आणि दोन मासळ्या. जव हे गरिबाघरचं धान्य. त्या मुलाचं नाव दिलेलं नाही, आणि त्याची शिदोरी कुणी बांधून दिली होती तेही नाही.

उद्या डबा भरताना एक पोळी जास्त घाला. संध्याकाळी ती कुणी खाल्ली हे त्याला विचारू नका.